चोराला हाक

ओबोनचा, पितरांचा सण उलटून आठ दिवस झाले होते. नाटक मंडळाच्या बैठकीत अध्यक्ष इवाबुची-सानांनी घसा खाकरला, चहाचा पेला हातात गोल फिरवला आणि ते म्हणाले, "यंदा आपण स्वामिनिष्ठ सेवकाचं नाटक करायला काय हरकत आहे?"

हरकत कसली? आम्ही चौदा जण बसलो होतो, चौदाही जणांनी चटईकडे बघत माना हलवल्या. आमच्या तोचिसावा गावच्या रंगमंचावर शंभर वर्षं, दर शरदात, चोराचं नाटक होत आलंय. युद्धाच्या दिवसांत वरून हुकूम आला की चोराबिरांची नाटकं बंद, तेव्हाही आम्ही चोराच्या हातात झेंडा देऊन तेच नाटक केलं. आणि आता एका मिनिटात ते निकालात निघालं, हूं नाही की चूं नाही. त्या दुसऱ्या नाटकात एक सेवक धन्यावर छत्री धरून बर्फात उभा राहतो आणि शेवटच्या अंकात सर्दी छातीत उतरून मरतो. आम्ही ते एकदाच, एका वसंतात केलं होतं, आणि तो मरायच्या आधीच निम्मे प्रेक्षक घरी गेले होते.

मीही मान हलवली. गावात सगळे म्हणतात की माझा स्वभाव तापट आहे, पण त्या दिवशी मीही इतरांसारखीच मूग गिळून बसले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी लोकांना नावं ठेवीन तेव्हा त्यातून मला वगळू नका.

माझं नाव हात्सुए. मंडळाचे कपडे माझ्याकडे असतात. शिवायचे, ऊन दाखवायचं, कापूर घालून ठेवायचे आणि नाटकाच्या दिवशी नटांना नेसवायचे. माझ्याआधी हे काम सासूबाई करायच्या.

नाटक बदलायचं कारण पुलापलीकडच्या घरात राहत होतं. त्याचं नाव त्सुनेकिची. नऊ वर्षांपूर्वी त्याने मंडळाच्या कोठारातून चोराच्या भूमिकेचा जरीचा अंगरखा चोरला, माझ्या सासूबाईंनी तीन हिवाळे बसून भरलेला, आणि गावातून नाहीसा झाला. चार महिन्यांनी तो ओसाकाला दुसऱ्याच एका चोरीत सापडला, तेव्हा त्याने हीही कबूल केली. दीड वर्ष तुरुंगात काढलं, मग नागोयाला इमारतींच्या कामावर राबला, आणि यंदाच्या वसंतात आई गेल्यावर तिचं घर सांभाळायला परत आला. एक्केचाळीस वर्षांचा, अर्धे केस पिकलेला, रस्त्याने भिंतीच्या कडेकडेने चालणारा माणूस.

आमचं गाव वाईट नाही. तीच तर अडचण होती. कुणी त्याला हाकलून दिलं नाही, कुणी दारावर दगड मारला नाही. उलट सगळ्यांनी त्याचं मन एवढं जपलं की 'चोर' हा शब्दच गावातून हद्दपार झाला. मुलांना चोर-पोलीस खेळायची बंदी झाली. न्हाव्याने दुकानातल्या खुनाच्या कादंबऱ्या आणि गुप्तहेरांची मासिकं उचलली आणि तिथे खतांची माहितीपत्रकं मांडली. इवाबुची-सानांच्या तोफूच्या दुकानात बुधवारी गुन्ह्यांची मालिका बघायला अख्खी आळी जमते. एका बुधवारी मालिकेतला फौजदार "चोर कोण ते मला कळलंय" असं म्हणाला आणि नेमका तेव्हाच त्सुनेकिची तोफू घ्यायला दारात आला. इवाबुची-सानांनी झेप घेऊन टीव्ही बंद केला. पंधरा माणसं काळ्या काचेकडे बघत बसली. त्सुनेकिचीने तोफू घेतला, वाकून नमस्कार केला आणि गेला. तो चोर कोण होता ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. कोंबड्या पळवणाऱ्या कोल्ह्यालासुद्धा लोक 'तो नेणारा' म्हणू लागले.

हे सगळं बघून मला खरं तर हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण गावाचा हा गप्पपणा मी आधी चाखला होता.

अंगरखा गेला तेव्हा कोठाराचं कुलूप जागच्या जागी होतं, न तुटलेलं, आणि किल्ली एकच, ती माझ्याकडे. पुढचे चार महिने मला कुणी एक शब्द विचारला नाही. एका सकाळी कोठारावर नवं कुलूप दिसलं, एवढंच. "जुनं गंजलं होतं," इवाबुची-सान म्हणाले. नवी किल्ली त्यांनी स्वतःकडे ठेवली. मग त्सुनेकिची पकडला गेला आणि मला वाटलं, सुटले. कसली सुटतेय! चोर कोण ते कळलं, पण बंद कुलपातून तो आत कसा शिरला ते कुठे कळलं होतं? मी तेव्हा एक्केचाळीसची विधवा, तो बत्तीस वर्षांचा, दिसायला बरा. लोकांनी मनातल्या मनात जे जुळवायचं ते जुळवून टाकलं. नऊ वर्षं मी कपडे काढायला इवाबुची-सानांकडे जाते, ते हसतमुखाने कोठार उघडून देतात आणि मी बाहेर येईपर्यंत दारात उभे राहतात. एकदा जरी कुणी तोंडावर म्हणालं असतं, "हात्सुए, किल्ली तूच दिलीस," तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते, भांडले असते, रडले असते आणि मोकळी झाले असते. पण जो प्रश्न कुणी विचारतच नाही, त्याचं उत्तर द्यायचं कुणाला?

बैठकीनंतर तिसऱ्या दिवशी दुपारी त्सुनेकिची माझ्या अंगणाच्या कडेला येऊन उभा राहिला. मी सेवकाच्या बर्फासाठी पांढरे कागद कापत बसले होते.

"हात्सुएताई, आत येऊ?"

"अंगण आहे. त्यात आत काय यायचंय?"

तो आला आणि इतका वाकला की डोक्यावरची टोपी पडली. "ऐकलं ते खरं का? यंदा चोराचं नाटक नाही?"

पाच महिन्यांत तो शब्द मी गावात पहिल्यांदाच ऐकला, आणि तोही त्याच्याच तोंडून.

"नाही."

"माझ्यामुळे."

"मग काय माझ्यामुळे?"

"बाबा वीस वर्षं ते काम करायचे," तो टोपी झटकत म्हणाला. "नागोयाला असताना मनात यायचं, कधीतरी परत जाऊ आणि नाटक बघू. मागे बसून. कोपऱ्यात."

"सेवकाचं बघ की. बर्फात मरतो. कोपऱ्यातून छान दिसेल."

तो हसला नाही. "ताई, अंगरखा मी विकला. आता तो काही परत येत नाही. पण तुम्हाला एकदा सांगायचं होतं, की..."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "अंगरख्याचं रडगाणं नको गाऊस! अंगरखा काय, मी दुसरा शिवला. माझी किल्ली गेली त्याचं काय?"

"किल्ली? मी नाही घेतली कुठली किल्ली."

"तू नाही रे, त्यांनी घेतली! तू गेलास मजेत तुरुंगात, आणि इथे सगळ्यांनी ठरवलं की किल्ली मीच तुला दिली. का दिली असेल त्याच्याही कहाण्या रचल्या असतील. नऊ वर्षं झाली, कोठारातून बाहेर आले की माझ्या हातांकडे बघतात!"

तो मटकन खाली बसला, माझ्या कागदी बर्फात.

"पण मी तर खालून आलो होतो," तो म्हणाला. "उत्तरेकडची तिसरी फळी. सैल होती. लहानपणी आम्ही तिथूनच आत शिरून नाटकातल्या तलवारी घ्यायचो खेळायला. पोलिसांना सांगितलं होतं मी. कोर्टातही सांगितलं."

"कोर्ट ओसाकाला. तिथे गावचं कोण होतं?"

"कुणी नव्हतं."

"आणि इथे आल्यावर?"

"इथे कुणी विचारलंच नाही, ताई. मला वाटलं, सगळ्यांना माहीत असेल."

"तुला वाटलं! त्यांना वाटलं! ह्या गावात सगळ्यांना नुसतं वाटत असतं!"

ओरडत होते मी, पण खरं सांगते, छातीवरचा धोंडा बोटभर सरकला होता. फळीखालून! नऊ वर्षं मी स्वतःलाच विचारत आले होते, त्या दिवशी मी कुलूप लावायला विसरले की काय.

"मी आत्ता जातो," तो उठत म्हणाला. "घरोघर जाऊन सांगतो."

"बस खाली. घरोघर सांगत फिरलास तर काय म्हणतील? 'बिचारा अजून तिला सांभाळून घेतोय.' हसून चहा देतील तुला, वर लोणच्याची फोड देतील, आणि तू वळलास की एकमेकांकडे बघतील."

ते त्यालाही पटलं. तो तिथेच बसून कागदाचे कपटे गोळा करू लागला. मग मीच विचारलं, जे मला इतकी वर्षं विचारायचं होतं. "का चोरलास रे? पैसे हवे होते तर देवळातली पेटी होती. अंगरखा कशाला?"

त्याचे कान लाल झाले. "क्योतोला जायचं होतं. स्टुडिओत. तेव्हा ते तलवारींचे, चोरांचे सिनेमे धडाधड निघायचे ना? मला वाटलं, अंगरखा घालून फाटकात उभा राहिलो आणि बाबांसारखं भाषण म्हणून दाखवलं, तर घेतील मला. चोराच्या कामासाठी."

"चोराचं काम मिळावं म्हणून चोरी केलीस?"

"हो."

"मग?"

"फाटकावरचा माणूस म्हणाला, हा अंगरखा भाड्याने आणला असशील तर आधी परत देऊन ये. म्हणाला, आमच्याकडे असल्या अंगरख्यांची खोली भरलीय."

मी तोंड दाबलं, पण हसू फुटलंच. मग तोही हसला, नाक पुसत पुसत. आमच्या दोघांच्या अंगभर कागदी बर्फ चिकटला होता.

जाताना तो म्हणाला, "मी मंडळाकडे जातो. नाटक मागतो. आणि बाबांचं काम मागतो."

"देणार नाहीत."

"तोंडावर नाही म्हणतील?"



ते बोलणं कसं झालं ते ओगिनो मास्तरांनी मला नंतर सांगितलं. मास्तर शाळेत शिकवतात, नाटक बसवतात, आणि नाटकाच्या दिवशी अंगभर काळे कपडे घालून नटाच्या मागे बसतात आणि विसरलेली वाक्यं पुरवतात. इवाबुची-सान म्हणाले, कल्पना सुंदर आहे, पण तुमच्या घशाला ताण पडेल. त्सुनेकिची म्हणाला, घसा बरा आहे. तालमी दुपारच्या उन्हात असतात. सवय आहे. पुरात पूल बंद झाला तर? पोहता येतं. शेवटी इवाबुची-सान म्हणाले, "बघू या. विचार करू." आमच्याकडे ह्याचा अर्थ 'नाही', हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण त्सुनेकिची सात वर्षं नागोयाच्या रोखठोक मुकादमांबरोबर राहिलेला. त्याने कपाळ चटईला टेकवलं आणि म्हणाला, "फार उपकार झाले!" आता त्याला ते परत घ्या म्हणून कोण सांगणार? अशा रीतीने चोराचं नाटक परत आलं.

ह्या नाटकातला चोर, धुक्यातला हिसाझो, टीव्हीवरच्या चोरांसारखा नाही. टीव्हीवरचा शेवटपर्यंत तोंड लपवतो, आणि फौजदाराने सगळं उलगडून दाखवलं की समुद्राच्या कड्यावर उभा राहून रडतो. हिसाझोला शोधून काढावं लागत नाही. प्रेक्षकांमधून रंगमंचाकडे एक लाकडी वाट जाते, फुलवाट म्हणतो आम्ही तिला. त्या वाटेवरून तो येतो, रंगमंच सात पावलांवर राहिला की थांबतो, आणि लोकांनी "चोर!" अशी हाक मारली की छत्री उघडून आपलं नाव, आपलं गाव आणि आपले सगळे गुन्हे तालात सांगतो. मग शिपाई येतात, मारामारी होते, ते सगळं असतंच. पण लोक येतात ते ह्या भाषणासाठी. केलं ते मी केलं, असं ताठ मानेने सांगणारा माणूस एरवी बघायला मिळतो कुठे?

पण हाक आल्याशिवाय हिसाझो पाऊल उचलत नाही. त्सुनेकिचीच्या वडिलांना एका वर्षी लोकांनी मजेमजेत इतका वेळ ताटकळत ठेवलं की शेवटी कुणीतरी त्यांना साके दारूचा पेला नेऊन दिला.

नाटकाच्या दिवशी मी त्सुनेकिचीला नेसवत होते. त्याच्या चेहऱ्यावर पांढरा रंग चढला होता आणि मानेवर घाम. कमरेचा पट्टा आवळताना मी विचारलं, "हाक नाही आली तर?"

"मग मागे फिरेन, ताई. कपडे तुमच्या हातात देईन आणि तीनची बस पकडेन. सामान बांधून ठेवलंय."

"आणि पुन्हा?"

"पुन्हा नाही येणार."

तो गेला की फळीखालून आलेला चोर गेला, आणि मी राहिले ती बंद कुलपाची बाई. पण मला भीती तेवढीच होती असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. गेल्या महिनाभरात तो रोज तालमीनंतर अंगणात येऊन मला कपड्यांच्या पेट्या हलवू लागायचा. इतकी वर्षं माझ्याशी सरळ बोलणारं तेवढं एकच माणूस भेटलं होतं, आणि तो नेमका चोर निघाला.

बाहेर लख्ख दुपार होती. दोनशे माणसं चटयांवर बसली होती, तीन तीन मजली डबे उघडले होते, अळंब्यांच्या भाताचा वास आमच्या पडद्यापर्यंत येत होता. नट जिथून निघतो त्या फुलवाटेच्या टोकाला एक छोटा पडदा असतो, त्याच्यामागे माझी जागा. नाटक चालू असताना कपड्यांच्या बाईने त्या पडद्याबाहेर नाकसुद्धा काढायचं नसतं.

लाकडी ठोकळे वाजले. पडदा सर्रकन बाजूला झाला आणि त्सुनेकिची निघाला. चाल अगदी वडिलांची. आधी टाच, मग चवडा, खांदे एका बाजूला. सात पावलं उरली आणि तो थांबला.

कुणी काही बोललं नाही.

मी फटीतून बघत होते. दोनशे माणसांनी निव्वळ माणुसकीपोटी तोंडं मिटून घेतली होती. बायका डब्यांत बघत होत्या. न्हावी आपल्या पायाचा अंगठा निरखत होता. इवाबुची-सानांच्या हातातल्या जेवणाच्या काड्या रताळ्याच्या तुकड्यासकट हवेत थांबल्या होत्या. कुणीतरी खोकलं, तर चार जणांनी त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं. रंगमंचाच्या कडेला काळ्या कपड्यांत बसलेल्या ओगिनो मास्तरांनी डोळे मिटले होते. त्सुनेकिची उभा होता. त्याच्या मानेवरच्या पांढऱ्या रंगातून घामाची एक रेघ खाली उतरली. मी मनात म्हणत होते, अरे कुणीतरी म्हणा रे, एकाने तरी म्हणा.

मग त्याची डावी टाच मागच्या मागे उचलली गेली. तो वळणार होता.

मी पडद्याबाहेर आले. तोंडात टाचण्या होत्या, त्या हातावर थुंकल्या.

"चोर!"

नाटकात मारतात तशी हाक नव्हती ती. ती माझ्या बेंबीच्या देठापासून आली. "चोर! अरे ए चोरा! निर्लज्जा! माझ्या सासूचा तीन हिवाळ्यांचा अंगरखा नेलास रे, चोरा!"

माझा आवाज चिरकला. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, आणि एक श्वास घेण्याइतका वेळ मला वाटलं की आता जमिनीने मला पोटात घ्यावं. तेवढ्यात मागच्या रांगेतून झेन्रोकु सुताराचा म्हातारा घोगरा आवाज आला, "चोर!" मग न्हावी. मग न्हाव्याची बायको. मग सहा महिने दाबून ठेवलेला तो शब्द दोनशे तोंडांतून एकदम फुटला. "चोर! चोर! वा रे आमच्या चोरा!" लोक हसत होते, चटया बडवत होते, कागदात गुंडाळलेली नाणी फुलवाटेवर तडतडत पडत होती. इवाबुची-सान उभे राहून ओरडत होते, रताळं अजून काड्यांतच.

त्सुनेकिचीची टाच खाली टेकली. तो पुढे गेला आणि त्याने छत्री उघडली.

"विचारता नाव? सांगतो, ऐका!
डोंगरात जन्म, धुक्यात पाळणा,
तेराव्या वर्षी देवळाची घंटा,
विसाव्या वर्षी सरदाराची तलवार..."

इथवर वडिलांचंच भाषण होतं. नंतर सरदाराच्या मुलीची ओळ येते. ती आली नाही.

"बत्तिसाव्या वर्षी, तोचिसावा गावी,
कोठारातला जरीचा अंगरखा!"

"सरदाराची मुलगी!" मास्तर मागून कुजबुजले, तेही अख्ख्या गावाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "त्सुनेकिची, सरदाराची मुलगी!"

"दाराला माझा लागला ना हात,
किल्ली ती मी पाहिली नाही.
उत्तरेकडची तिसरी फळी
उचलून आलो उंदरासारखा.
किल्ली जिच्यापाशी, ती होती घरी,
तिला ना ठाऊक, तिचा ना दोष.
चोर एकटाच, तो उभा इथे,
आणि त्याचं नाव त्सुनेकिची!"

लोक ऐकलेलं मनात लावून बघत होते. आणि तेवढ्यात झेन्रोकु सुतार मागच्या रांगेत ताडकन उभा राहिला.

"तिसरी फळी!" तो ओरडला. "अरे देवा! ती मीच बसवली होती. खिळे संपले होते, म्हटलं उद्या ठोकू. ती तशीच राहिली!"

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही, भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, ते तेव्हा कुठे लक्षात आलं. मी तिथेच, फुलवाटेच्या कडेला, मूठभर टाचण्या घेऊन बसले.

इवाबुची-सान चटयांमधून वाट काढत, ओणवे होऊन माझ्यापाशी आले. त्यांचा चेहरा विटकरीसारखा लाल झाला होता.

"हात्सुए-सान," ते हळूच म्हणाले, "मला वाटायचं, किल्ली तुम्हीच दिलीत."

"माहीत आहे मला."

"नऊ वर्षं वाटायचं."

"मोठ्याने म्हणा."

"आत्ता? नाटक चालू आहे हो."

"नऊ वर्षं नाटकच चालू होतं. म्हणा. मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

त्यांनी रंगमंचाकडे बघितलं. त्सुनेकिची छत्री धरून तसाच उभा होता, शिपाई काठ्या उगारून खोळंबले होते. मग तोफू विकणारे, मंडळाचे अध्यक्ष, त्रेसष्ट वर्षांचे इवाबुची-सान ताठ उभे राहिले, त्यांनी घसा खाकरला आणि सगळं बळ एकवटून ओरडले, "मी, इवाबुची, तोफूवाला! नऊ वर्षं मी हात्सुए-सानांवर संशय घेतला! कुलूप गंजलं नव्हतं!"

मग न्हाव्याची बायको उठली. "मी पण घेतला! आणि वर बहिणीला पत्रातून कळवलं!"

"मी पण!" न्हावी म्हणाला.

"मी तर फळी माहीत असून घेतला," झेन्रोकु सुतार रडकुंडीला येऊन म्हणाला. "माझ्या डोक्यातच नाही आलं!"

एकेक जण उठून उभा राहत होता, आपलं नाव सांगत होता आणि आपला गुन्हा सांगत होता. कुणी विहिरीवर कुजबुजलं होतं, कुणी माझ्याकडून किमोनो शिवून घेणं बंद केलं होतं, कुणी नुसतीच मान हलवली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी हे ऐकलं असतं तर मी एकेकाच्या झिंज्या धरल्या असत्या. त्या दुपारी मी नुसती ऐकत राहिले. नऊ वर्षांत मला कुणी इतकं वाईट बोललं नव्हतं, आणि इतकं बरंही वाटलं नव्हतं. शेवटी ओगिनो मास्तर काळ्या कपड्यांतून उठून किंचाळले, "अहो, आधी ह्याला पकडू द्या! बाकीच्यांचं नंतर बघू!"

शिपायांनी काठ्या पुन्हा उगारल्या, ढोल वाजला, आणि सगळं गाव पुन्हा चोराच्या बाजूने ओरडू लागलं. इवाबुची-सानांनी आपला डबा आणून माझ्यापुढे ठेवला. मी त्यातला अळंब्यांचा भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, आणि मग न्हाव्याच्या बायकोचा डबा मागून घेतला.